परके इंजिन, घरचे सेन्सर

(नभोवाणीवरील भाषण)



मोटारीच्या इंजिनावर बोलण्यास एका सेवानिवृत्त शाळामास्तराने पुढे यावे, याचे आपणांपैकी कित्येकांस नवल वाटेल. माझा धंदा खडू-फळ्याचा. पान्याशी संबंध काय तो सायकलीपुरता. परंतु २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात कृष्णा सांगलीत शिरली, आयर्विन पुलापाशी धोक्याची ४५ फुटांची खूण ओलांडून पाणी ५७ फुटांच्याही वर चढले, आणि गावभागात आमच्या दारी उभी असलेली छोटी मोटार बॉनेटपर्यंत बुडाली. पुढील चार महिन्यांत त्या मोटारीने मला जे शिकविले त्याची फी जबर पडली. तेच शिक्षण आपणांस फुकट मिळावे, एवढ्याच हेतूने मी आज बोलत आहे.

पाणी ओसरल्यावर गाडी धुतली, चार दिवस उन्हात ठेविली, आणि मी किल्ली फिरविली. ही चूक सर्वस्वी माझी. सिलिंडरात दट्ट्या वर येतो तेव्हा तो आतील हवा दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. आत थोडे पाणी राहिले असले तरी दट्ट्या त्यावर आपटतो आणि त्यास धरणारा दांडा वाकतो. आमचा दांडा नुसता वाकला नाही, तर त्याने इंजिनाच्या अंगास भोक पाडिले. बुडालेली गाडी चालू करून पाहू नये, आधी स्पार्क प्लग काढवून सिलिंडरांतील पाणी बाहेर काढवावे, तेल बदलवावे, हे शहाणपण मला दुसऱ्या दिवशी कळले. साध्या विमापत्रात पुराचे नुकसान धरलेले असले, तरी पाणी शिरलेले इंजिन चालू केल्याने झालेली मोडतोड त्यात बहुधा बसत नाही. तिच्यासाठी इंजिन-संरक्षणाची निराळी जोड घ्यावी लागते. आम्ही ती घेतली नव्हती.

तेव्हा दुसरे इंजिन घालणे एवढाच मार्ग उरला. मुंबईस कुर्ल्याच्या जुन्या बाजारात मोडीत निघालेल्या गाड्यांची इंजिने मिळतात. तेथून त्याच जातीचे एक इंजिन आमच्या मिस्त्रीने आणविले. त्या वर्षी सांगलीत अशा बुडालेल्या गाड्या गल्लोगल्ली होत्या आणि मिस्त्री लोकांस जेवावयास फुरसत नव्हती, हेही त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

इंजिन बदलणे ही आमच्या मुलखास नवी गोष्ट नव्हे. साताऱ्यास कूपर कंपनीने डिझेल इंजिने केली. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तेथील नांगर व पंप गावोगाव गेले. या यंत्रांवर हात बसलेले कारागीर दोन्ही जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांचे शास्त्र साधे व खरे होते: भोकास भोक जुळले, आट्यास आटा बसला, मापात कसूर राहिली नाही, की भाग चालावयाचाच. लोखंड खोटे बोलत नाही. कार्ब्युरेटरच्या काळापर्यंत मोटारीसही हेच शास्त्र पुरेसे होते. कार्ब्युरेटर म्हणजे काय, तर एक अरुंद नळी. तिच्यातून वाहणारी हवाच आपल्या ओढीने पेट्रोल खेचून घेई. त्यात कोणी कोणास काही सांगत नसे, विचारीत नसे.

हे सारे बदलले ते इंधन-फवारणीच्या पद्धतीने. जर्मनीतील बॉश कंपनीची विजेने चालणारी फवारणी १९६७ साली फोक्सवागेनच्या गाडीवर आली. आपल्याकडे तिला तीसेक वर्षे उशीर लागला; १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या हवेसाठी युरोपीय धर्तीचे धूर-नियम लागू करण्याचा आदेश दिला, आणि इ. स. २००० च्या सुमारास आपल्या छोट्या मोटारींतून कार्ब्युरेटर झपाट्याने नाहीसा झाला. आता पेट्रोल किती सोडावयाचे हे ठरविते एक छोटी पेटी. गॅरेजात तिला ईसीएम म्हणतात. पेट्रोलच्या एका भारास हवेचे सुमारे १४.७ भार, हे प्रमाण तिला साधावयाचे असते. पण ही पेटी आंधळी आहे. इंजिन तापले की थंड आहे, आत हवा किती आली, क्रँक या घटकेस कोठवर फिरला, धुरात प्राणवायू उरला की नाही, यांतले तिला स्वतःस काहीच दिसत नाही. जागोजागी बसविलेले सेन्सर तिला ते सांगतात. सेन्सरला संवेदक म्हणावे असे कोशकार म्हणतात. मी गॅरेजातलाच शब्द वापरीन.

सेन्सर सांगतो तो विजेच्या भाषेत. ईसीएमला ऐकू येतात ते केवळ व्होल्ट. आणि अमुक व्होल्ट म्हणजे अमुक उष्णता, असे एक कोष्टक कारखान्यात तिच्यात घालून ठेविलेले असते. साऱ्या अनर्थाचे मूळ येथे आहे. लोखंडी भाग बसला नाही तर तो बसत नाही, आणि गोष्ट तेथेच थांबते. सेन्सर मात्र बसतो, कपलरही जुळतो किंवा जुळविता येतो, इंजिन चालूही होते, आणि मग तो खुशाल दुसऱ्याच कोष्टकातले आकडे सांगत राहतो.

आमच्याकडे असेच झाले. इंजिन उतरविताना पाण्याच्या उष्णतेचा सेन्सर मोडला. मिस्त्रीने फळीवरच्या डब्यातून दुसरा काढला. कपलर थोडा निराळा होता, तो कापून वायरी जोडल्या. मी शंका काढली, तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, आटे बसले, कपलर बसला, इंजिन एका सेल्फात चालू झालं. आता आनि काय पायजे?" याचे उत्तर त्या वेळी माझ्यापाशी नव्हते.

गाडी चालत होती. पेट्रोल मात्र पाण्यासारखे पिऊ लागली, धुरास कच्च्या पेट्रोलचा वास येई, आणि समोरचा पिवळा दिवा विझेना. जुन्या इंजिनाची ती खोड असते, असे मला सांगण्यात आले व मी ते मानले. मार्गशीर्षात आम्ही साताऱ्यास व्याह्यांकडे गेलो. कऱ्हाडवरून साताऱ्यापर्यंत गाडी उत्तम धावली. दुसऱ्या दिवशी कासचा तलाव पाहावा म्हणून यवतेश्वरचा घाट चढू लागलो. पुढे एक लादलेला ट्रक, त्याच्यामागे आम्ही पहिल्या गियरात. गाडीत सौ., सूनबाई आणि सहा वर्षांचा नातू. उष्णतेचा काटा अगदी तळाशी, थंड. आणि एकाएकी बॉनेटखालून वाफेचा लोट उठला. काच दिसेनाशी झाली. वळणावर गाडी कशी उभी केली हे माझे मला ठाऊक नाही. कोणास इजा झाली नाही, ही देवाची कृपा. सिलिंडर हेडचे गॅस्केट मात्र गेले, तेलात पाणी मिसळले, आणि नव्याने घातलेले जुने इंजिन पुन्हा उघडावे लागले.

आता यातील कार्यकारणभाव पाहा. उष्णतेच्या सेन्सरात एक असा मणी असतो की तो तापला म्हणजे त्याचा विद्युत्-रोध घटतो. पुष्कळ गाड्यांत वापरला जाणारा एक प्रकार २० अंशांस सुमारे २,५०० ओहम आणि ८० अंशांस सुमारे ३२० ओहम रोध दाखवितो. दुसरे एक कूळ आहे. अमेरिकेतील फोर्ड गाड्यांत ते पुष्कळ वर्षे रूढ होते. ते २० अंशांस सुमारे ३७,००० आणि ८० अंशांस सुमारे ३,८०० ओहम दाखविते. दोहोंसही दोनच वायरी. पहिल्या कुळाच्या कोष्टकात ३,८०० ओहम हा आकडा कोठे येतो? सुमारे १० अंशांपाशी. म्हणजे इंजिन ८० अंशांवर तापलेले असता ईसीएमला वाटत होते की आपण महाबळेश्वरी माघातल्या पहाटे उभे आहोत. थंड इंजिनास पेट्रोल जास्त लागते, म्हणून ती जास्त सोडीत होती; पेट्रोल कोठे जात होते, त्याचा हा उलगडा. आमच्या गाडीत रेडिएटरचा पंखा चालू करण्याचा हुकूमही तीच पेटी देते, आणि समोरचा काटाही तीच हलविते. तिच्या मते इंजिन थंड. मग पंखा कशाला? हमरस्त्यावर वाऱ्याने रेडिएटर निवत होता, म्हणून काही जाणवले नाही. घाटात वेग गेला, वारा गेला, आणि पंखा तर फिरतच नव्हता. काट्यावर विसंबणाऱ्यास इशारा मिळण्याची सोयही उरली नव्हती, कारण साक्षीदार एकच आणि तोच फितूर.

साताऱ्याच्या एका तरुण मेकॅनिकने स्कॅनर लावताक्षणी हे ओळखले. उकळून गेलेल्या इंजिनाची उष्णता पडद्यावर २० अंशांच्या आसपास दिसत होती! हा स्कॅनर आता फार महाग राहिलेला नाही. २०१३ पासून आपल्या मोटारींवर दोषनिदानाची सुधारलेली पद्धत सक्तीची आहे आणि तिचे सॉकेट स्टिअरिंगच्या खालच्या अंगास असते. इंजिन बदललेली गाडी ताब्यात घेताना सेन्सरांचे चालू आकडे आपल्या समोर दाखवावयास सांगावे. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत, किल्ली फिरवून पण इंजिन चालू न करता, पाण्याची उष्णता आणि आत येणाऱ्या हवेची उष्णता हे दोन आकडे जवळपास सारखे असले पाहिजेत, आणि ते दारावरच्या साध्या तापमापकाशीही जुळले पाहिजेत. न जुळले तर दोहोंपैकी एक परका आहे.

घरी परतल्यावर मी दोन्ही सेन्सर, म्हणजे तो लबाड आणि नवा घेतलेला योग्य, स्वयंपाकघरात तपासले. काही शे रुपयांचा मल्टिमीटर, एक तापमापक आणि एक पातेले. माठातले पाणी त्या दिवसांत २० अंशांच्या आसपास होते. ते आधी घेतले, मग चुलीवर तापवीत आकडे लिहीत गेलो. सेन्सरचे टोक पाण्यात, कपलरची बाजू बाहेर कोरडी, आणि टोक पातेल्याच्या बुडास टेकू द्यावयाचे नाही. सांगलीत पाणी शंभर अंशांवर नव्हे, सुमारे ९८ अंशांवर उकळते, हे उंचीमुळे. मोजताना ते ध्यानी घ्यावे. वीस मिनिटांत दोन स्तंभ पाटीवर उभे राहिले, आणि जी गोष्ट मिस्त्रीस मला समजावून देता आली नव्हती ती सूनबाईस स्वयंपाक करता करता समजली. पातेले मात्र तिने पुन्हा स्वयंपाकास घेतले नाही.

येथून एक नियम निघतो, तो इंजिन बदलणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. सेन्सर इंजिनाचे नव्हेत, ईसीएमचे नोकर आहेत. आपण परके इंजिन आणले आणि ईसीएम व वायरिंग आपल्या गाडीतले ठेविले, तर नव्या इंजिनावर सेन्सरही आपल्या जुन्या गाडीतलेच, किंवा त्याच क्रमांकाचे नवे, चढविले पाहिजेत. इंजिनाबरोबर त्याची ईसीएम आणि सारे वायरिंगही आणावयाचे असेल तर गोष्ट निराळी. पण मग किल्लीचा प्रश्न येतो, कारण आजची ईसीएम आपल्या ओळखीच्या किल्लीवाचून इंजिन सुरू होऊ देत नाही. एकच इंजिन अनेक गाड्यांत असते, म्हणून ही फसगत अधिक होते. मारुतीचे ९९८ घनसेंटिमीटरचे के-१० इंजिन ए-स्टार, वॅगन-आर आणि अल्टो के-१० या तिन्ही गाड्यांत आले. फियाटचे १,२४८ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन स्विफ्टमध्ये, टाटांच्या व्हिस्टामध्ये आणि फियाटच्या पुंटोमध्ये दिसे. लोखंड एकच असले, तरी साल, धूर-नियमांची पायरी आणि कंपनी बदलली की त्यावरचा कारभार तोच राहील, असे धरून चालता येत नाही.

या नियमास एक मोठा अपवाद आहे, तो क्रँकच्या सेन्सरचा. हा सेन्सर इंजिनावरील दातेरी चाकाचे दात मोजतो. चाकावर एकदोन दात मुद्दाम गाळलेले असतात. त्या फटीवरून ईसीएमला दट्ट्या कोठे आहे ते कळते. एका पद्धतीत साठ दातांतून दोन गाळतात, दुसरीत छत्तिसांतून एक. चाक इंजिनाबरोबर आले, तेव्हा त्याची दातांची रचना आपल्या ईसीएमला ठाऊक असलेलीच हवी. नसेल तर चाकच बदलावे लागेल, सेन्सर बदलून भागणार नाही. शिवाय हे सेन्सर दोन जातींचे. एक दोन वायरींचा, चुंबक व वेटोळ्याचा. दुसरा तीन वायरींचा, अर्धवाहकाचा, आपली शक्ती बाहेरून घेणारा. पहिल्याच्या दोन वायरी उलटसुलट जोडल्या तरी इंजिन कधी कधी सुरू होते, पण ठिणगी वेळेवर पडत नाही. तीन वायरींचाही कधी चकवतो, कारण दोन वायरींच्या जातीतच आवरणाची तिसरी वायर असू शकते. म्हणून वायरी मोजल्यावर मीटरही लावावा.

हवेच्या दाबाच्या सेन्सरविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण त्याची चूक उष्णतेच्या सेन्सरहून घातक. त्याला तीन वायरी असतात: पाच व्होल्टची, ऋणाची आणि उत्तराची. साध्या इंजिनावरील एक प्रकार १० ते ११५ किलोपास्कल दाब मोजतो, टर्बो असलेल्या इंजिनावरील एक प्रकार २० ते २५० पर्यंत. रूप पुष्कळदा सारखेच, आणि कधी कधी त्यातच हवेच्या उष्णतेची चौथी वायर. समजा, टर्बोचा सेन्सर साध्या गाडीस लावला. सांगलीत हवेचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल असतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की हा सेन्सर उत्तर देतो सुमारे १.८ व्होल्ट, आणि साध्या गाडीची ईसीएम त्याचा अर्थ लाविते सुमारे ४५ किलोपास्कल. हवा पुरी, पेट्रोल निम्मे. गाडी तत्काळ अडखळली तर ते भाग्यच. फरक याहून लहान असला म्हणजे इंजिन चालते, पण चढावर पेट्रोल कमी पडून आतील ज्वाला भलतीच तापते आणि दट्ट्याचे डोके वितळते.

याची परीक्षा आमच्या जिल्ह्यांत तर फुकट होते. इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरविली की या सेन्सरने त्या गावच्या हवेचा दाब सांगितला पाहिजे: सांगलीत सुमारे ९५, साताऱ्यास सुमारे ९३, महाबळेश्वरी सुमारे ८६. पसरणीचा घाट चढताना आकडा हळूहळू उतरत जाताना मी पाहिला आहे, आणि भूगोलाच्या तासास हे यंत्र मजजवळ असते तर किती बरे झाले असते असे वाटून गेले.

धुरातील प्राणवायूचा सेन्सर बहुतेक गाड्यांत १८ मिलिमीटरच्या आट्यांचा, त्यामुळे कोणताही कोठेही बसतो. चार वायरींचा साधा प्रकार ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान खालीवर होतो. पाच वायरींचा प्रकार सर्वस्वी निराळा, आणि एकाच्या जागी दुसरा कधीही चालत नाही. इंजेक्टर हा सेन्सर नव्हे, पण मीटर हाती आहे तोच त्याचाही रोध पाहून घ्यावा: १२ ते १६ ओहमच्या जागी दोन-तीन ओहमचा बसविला तर ईसीएमच जळू शकते, आणि तिची किंमत ऐकून चक्कर येते.

सेन्सर ओळखावा कसा, तर प्रथम अंगावरचा क्रमांक पुसून वाचावा. बॉशच्या मालावर दहा अंकी क्रमांक असतो; ०२५८ ने आरंभ होणारा प्राणवायूचा, ०२६१२३० ने आरंभ होणारा दाबाचा, ०२८०१३० ने आरंभ होणारा उष्णतेचा. परंतु आरंभ कूळ सांगतो, व्यक्ती नव्हे. शेवटचे तीन अंकही जुळले पाहिजेत. पुरातल्या गाडीचा माल असेल तर कपलरच्या आतील पितळी टोकांवर हिरवट कीट आणि कोपऱ्यांत वाळलेला गाळ दिसतो. असा सेन्सर आज बरोबर मोजला तरी घेऊ नये.

कागदपत्रांविषयी दोन शब्द. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तो अर्थ कडकपणे लावला आहे. इंजिन बदलले की त्यावरचा क्रमांक बदलतो. तेव्हा त्याच जातीचे इंजिन असले तरी गाडी एम. एच. १० ची असो वा ११ ची, आपल्या परिवहन कार्यालयाची मंजुरी आधी घ्यावी, जुन्या इंजिनाची खरेदीपावती व ते ज्या गाडीतून निघाले तिचे कागद मागून घ्यावेत, आणि विमा कंपनीस लेखी कळवावे. मोठ्या शक्तीचे किंवा दुसऱ्या जातीचे इंजिन हौसेखातर घालणाऱ्यांस मी येथे काही सल्ला देत नाही. त्यांस तो नकोही असतो.

आणखी एक. गाडी मिस्त्रीकडे देताना, निघालेले सर्व सेन्सर, मोडके असले तरी, प्रत्येक कोठला ते चिठ्ठीवर लिहून पिशवीत घालून परत द्यावेत, असे आधीच सांगून ठेवावे. मोडक्याच्या अंगावरही क्रमांक असतो. आमचा मूळ सेन्सर गॅरेजच्या केरात गेला होता. तो असता तर यवतेश्वरचा घाट आम्ही त्याच दिवशी चढून गेलो असतो. कास आम्ही अजून पाहिलेले नाही.